काळ्या दगडावरची रेघ

सदर : सोप्यावरून

नातू यंदा बालवाडीत गेला. शाळेने वह्या, रंगखडू, चिकटवही अशी लांबलचक यादी हातात दिली, पण आमच्या अत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हट्टच धरला की पहिलं अक्षर पाटीवरच काढायचं. नव्वदीला टेकलेल्या माणसाचं मोडवत नाही. बाजारात चार दुकानं पालथी घालून एक दगडी पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आणला. अत्ती पुडा उघडत म्हणाल्या, "बळप तंद्या?" कानडीत पाटीवरच्या पेन्सिलीला बळप म्हणतात, हे तुम्हां-आम्हांला माहीत आहेच. नातवाने पाटीवर एक वाकडी रेघ ओढली, अंगठ्याला थुंकी लावून ती पुसली, आणि मला विचारलं, "आज्जी, पाटी दगडाची, पेन्सिलपण दगडाची. मग ही झिजते आणि ती कशी झिजत नाही?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एवढा नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. आणि रेघ पुसली गेल्यामुळे आणखी एक घोटाळा झाला. आपण एखादी गोष्ट पक्की सांगायची तर 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. इथे काळा दगडही होता, रेघही होती, आणि ती थुंकीने गेली! दगड म्हणजे काय, तो पक्का कधी आणि कच्चा कधी, यावर त्या दिवशी सोप्यावर जी चर्चा रंगली, तिचा हा सारांश. त्यात आमच्या घरातलं एक जुनं भांडणही ओघाने येईल. अत्तींची परवानगी घेतली आहे.

वाचकहो, माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला. सासर अथणी तालुक्यात. माहेरी लाल माती, जांभ्याच्या भिंती, पावसाळ्यात चार महिने ओले कपडे चुलीवर वाळवायचे. सासरी काळी जमीन, डोळे ताणून बघावं तिकडे ज्वारी आणि ऊस, आणि पावसासाठी आभाळाकडे बघत बसायचं. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं की मी दुसऱ्याच देशात आले. भाषा बदलली, भाकरीचा आकार बदलला, पायाला लागणाऱ्या चिखलाचा रंग बदलला. पुढे भूगोलाची पुस्तकं नीट वाचली तेव्हा कळलं की माझ्या माहेरची लाल माती आणि सासरची काळी माती या एकाच आईच्या लेकी आहेत.

ती आई म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या पसाऱ्याची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. या दगडात कुणी एकच पदार्थ नसतो. फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही दोन मुख्य खनिजं, थोडं लोहाचं खनिज आणि घाईने थिजलेली थोडी काच. लाव्हा जमिनीवर लवकर थंड झाला म्हणून कण बारीक राहिले आणि एकमेकांत घट्ट गुंतले. म्हणून थराच्या मधला दगड एवढा चिवट. तोच थर वरच्या बाजूला मात्र पिठाच्या आंबोळीसारखा जाळीदार असतो, कारण वायूचे बुडबुडे वर येऊन तिथे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पाझरत्या पाण्यातून पांढरे, गुलाबी स्फटिक वाढतात. विहीर खणताना दगडात साखरेसारखे चमकणारे तुकडे सापडतात ना, त्यांतले पुष्कळसे झिओलाइटचे. दिसायला सुंदर, पण जात्यासाठी किंवा रस्त्याच्या खडीसाठी अशा दगडाचा भरवसा नाही. जुना पाथरवट दगड निवडताना हातोडीने ठोकून ऐकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर टाकायचा. आज प्रयोगशाळेत दगड भिजवून त्याने किती पाणी प्यायलं ते मोजतात, यंत्रात लोखंडी गोळ्यांबरोबर फिरवून किती भुगा झाला ते बघतात. प्रश्न तोच आहे : आतून हा दगड अजून दगडच आहे का, की माती व्हायला लागला आहे?

कारण दगडही म्हातारा होतो. पाणी आणि हवा त्याच्यातल्या खनिजांचं रूप पालटतात. पण म्हातारपण कसं येणार, हे तो कुठल्या गावात राहतो त्यावर ठरतं.

कणकुंबीच्या बाजूला पाऊस असा पडतो की जमिनीत मुरलेलं पाणी सतत खाली वाहत राहतं. ते आपल्याबरोबर चुना, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं धुऊन नेतं. हजारो-लाखो वर्षांत दगडातली सिलिकाही बरीचशी निघून जाते. मागे राहतात न विरघळणारी दोन चिवट भावंडं, लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला गंज चढतो, म्हणून लाल रंग. हाच जांभा. जिथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त राहिलं, तिथे बॉक्साइट झालं. चंदगड, राधानगरीच्या पठारांवरचं बॉक्साइट आणि बेळगावचा ॲल्युमिना कारखाना यांचा धागा हा असा थेट पावसापर्यंत जातो.

जांभ्याची गंमत अशी की खाणीत तो ओला असताना मऊ असतो, हत्याराने चिरे पाडता येतात. बाहेर काढून वाळला की त्यातलं लोह घट्ट धरतं आणि चिरा कडक होतो. भट्टी नाही, जळण नाही, आयती वीट! फ्रान्सिस बुकॅनन नावाचा इंग्रजांच्या नोकरीतला डॉक्टर मलबारात फिरला, तिथे लोक हा दगड विटेसारखा कापून वापरतात हे त्याने पाहिलं, आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. जगभरच्या पुस्तकांत तेच नाव गेलं. पण कानडीत जांभ्याला जंबिट्टिगे म्हणतात, आणि इट्टिगे म्हणजे वीटच की! 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणणाऱ्या आपल्या मराठी माणसाला, दगडच वीट असू शकतो हे शेजारच्या भाषेने केव्हाच सांगून ठेवलं होतं.

आता माहेरच्या भिंतीची गोष्ट सांगते. वडिलांनी बांधलेलं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, चुन्यात बांधलेलं, बाहेरून चुन्याचाच गिलावा. दरवर्षी दिवाळीआधी डागडुजी व्हायची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दादाने, 'कटकट नको, एकदाच पक्कं करून टाकू' म्हणून बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारला, वर तेलकट रंग दिला. घर नव्या नवरीसारखं दिसायला लागलं. आईला तेवढं पटलं नव्हतं. ती म्हणाली, "भिंतीचा श्वास कोंडेल रे." आम्ही हसलो. दोन-तीन पावसाळ्यांतच आतल्या बाजूला ओल चढली, पापुद्रे सुटले, मिठासारखी पांढरी बुरशी दिसायला लागली. ती बुरशी नव्हतीच, खरोखरच क्षार होते. मग ऑगस्ट २०१९चा पाऊस आला. त्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात किती घरं पडली ते तुम्ही विसरला नसाल. आमच्या घराची पश्चिमेची भिंत पोट काढून उभी राहिली.

दादा म्हणाला, पाडू आणि सिमेंटचं बांधू. आई म्हणाली, "मी असेपर्यंत नाही." फोनवरून दोघांची रडारड ऐकून मी शेवटी गाडीत बसले. गावात एक म्हातारे गवंडीमामा होते. त्यांनी सिमेंटचा एक चौकोन फोडला, आतला चिरा बोटाने खरवडला आणि मला दाखवला. चिऱ्यात शाडूसारखी पांढरट मातीची भोकं होती आणि ती माती लोण्यासारखी ओली झाली होती. ते म्हणाले, "ताई, चिरा पाणी पितो आणि उन्हाला सोडतो, हा त्याचा धर्म. तुम्ही बाहेरून बूच मारलं. पिणं चालूच राहिलं, सोडणं बंद झालं."

विज्ञानाच्या भाषेत मी याला एवढंच जोडीन. जांभ्याची शक्ती त्याच्या लोहाच्या सांगाड्यात आहे. त्या सांगाड्याच्या पोकळ्यांत केओलिनाइट नावाची माती भरलेली असते. भिंत भिजून पुन्हा वाळत राहिली तर सांगाडा टिकतो. कायम ओली राहिली तर आतली माती सुटते, क्षार स्फटिक होऊन कण ढकलतात, आणि चिरा आतून पोखरतो. सिमेंट वाईट नव्हे. ते ज्या दगडावर बसवलं त्याच्या स्वभावाला न मानवणारं होतं, इतकंच.

याच्या उलट चूकही होते. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेही जांभ्याचं. १६०५ साली त्याचं काम पुरं झालं. त्याच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकला, लाल दगड उघडा छान दिसतो म्हणून. आता पावसाचा मारा थेट दगडावर बसतो, तो झिजतो, आणि गिलावा पुन्हा द्यावा का यावर चर्चा होत असते. त्याच इमारतीचं दर्शनी कोरीवकाम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या पाषाणात आहे. जांभ्यात भोकं असल्यामुळे बारीक नक्षी धरत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. एका इमारतीत दोन दगड, ज्याला जे जमतं ते काम दिलेलं. घरातल्या माणसांच्या बाबतीत आपण एवढा विचार करतो का, कोण जाणे.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीचे खालचे तीन थर टेकू देऊन बदलले. नवे चिरे घेताना मामांनी प्रत्येक चिरा ठोकून घेतला, पांढरे डाग जास्त असलेले परत पाठवले. सगळ्या घराचं सिमेंट उतरवलं, पुन्हा चुना लावला. खर्च नव्या खोलीएवढा नाही, पण कमीही नाही झाला. आई अजून त्याच सोप्यावर बसते. दादाला अधूनमधून म्हणते, "घरानं श्वास घेतला बघ." दादा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

आता सासरकडे येऊ. इथे गोष्ट अवघड आहे.

अथणीकडे पाऊस थोडा. बेसाल्टची खनिजं इथेही पालटतात, पण धुऊन जायला पाणी पुरत नाही. सिलिका, मॅग्नेशियम, चुना बरंचसं जागेवरच राहतं आणि त्यातून वेगळीच माती तयार होते, स्मेक्टाइट जातीची. आपली काळी, एरी जमीन ती हीच. कानडीत एरी मण्णु.

इथे मी नातवाला जे उदाहरण दिलं तेच देते. या सगळ्या खनिजांचे कण म्हणजे पोळ्यांची चळत समजा. जांभ्यातल्या केओलिनाइटच्या पोळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, मध्ये पाणी शिरू शकत नाही. पेन्सिलीच्या दगडातल्या, म्हणजे टाल्कच्या पोळ्या तेल लावल्यासारख्या, एकमेकींवरून सरकणाऱ्या. म्हणून बळप पाटीवर घासला की पापुद्रे सुटून रेघ उमटते. पाटीही पापुद्र्यांचीच असते, चिखलाचा दगड दाबाखाली येऊन झालेली, पण तिच्यात कठीण कण पुष्कळ, म्हणून ती टिकते आणि बळप झिजतो. आणि काळ्या मातीच्या पोळ्या? त्यांच्यामध्ये जागा असते आणि त्या जागेत पाणी शिरतं. पाणी शिरलं की चळत फुगते, गेलं की आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि श्रावणात त्याच शेतात एक भेग दिसत नाही, ते यामुळे. पिकाला ही जमीन सोनं आहे. ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी नुसत्या मुरलेल्या पाण्यावर येते. पण तिच्यावर घर बांधलं की ती वर्षातून दोनदा घर उचलते आणि खाली ठेवते. तेही सगळीकडे सारखं नाही.

आमच्या घराच्या दोन भागांत एक भिंत. इकडे आम्ही, तिकडे मोठे भाऊजी. २००८ सालच्या उन्हाळ्यात त्या भिंतीला वरून खाली तिरकी भेग गेली. "ग्वाडी बिरकु बिट्टैती," असं ओरडत अत्ती बाहेर आल्या तो दिवस मला आठवतो. आमचे हे म्हणाले, भाऊंच्या मोरीचं पाणी पायात मुरतंय. भाऊजी म्हणाले, तुमच्या कडुनिंबाची मुळं पाया उचलतायत. शब्दाने शब्द वाढला. झाड तोडा, मोरी हलवा, तुमच्या बापाची का, आमच्याही बापाचीच. मग कुणीतरी वास्तुदोष काढला, शांत झाली, भेग पावसाळ्यात मिटली. सगळे खूश. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडली, थोडी जास्त. एक रुपयाचं नाणं आडवं आत जाईल एवढी. आता प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने मुद्दाम काहीतरी केलं.

अकरा वर्षं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. भिंत दोघांची, पण ती लिंपायची कुणी यावर अडलं, म्हणून लिंपलीच नाही. अत्ती एक महिना इकडे, एक महिना तिकडे राहायच्या. आतलं दार बंद झालं होतं, म्हणून अंथरुणाची वळकटी घेऊन त्या रस्त्यावरून फिरून जायच्या. मुलं दोडप्पाला रस्त्यात भेटली तर खाली मान घालायची. मीही जाऊबाईंशी विहिरीवरच बोलून घ्यायचे. आणि सांगायला लाज वाटते, मी वर्गात मुलांना काळ्या मातीच्या भेगांची आकृती काढायला शिकवत होते. 'ओलाव्याने प्रसरण, कोरडेपणाने आकुंचन', पाच गुण. ते उत्तर माझ्या भिंतीला लावून बघावं, हे मला सुचलं नाही.

२०१९ला कृष्णा चढली तेव्हा आमच्या वाडीत पाणी आलं नाही, पण खालच्या वस्तीतली माणसं आली. दोन्ही घरांत मिळून तीस-पस्तीस जण. चूल एक करावी लागली, आतलं दार उघडावं लागलं. पाणी ओसरल्यावर नुकसानीची पाहणी करायला एक तरुण इंजिनिअर आला होता. पोरगा धारवाडकडचा, बोलायला गोड. त्याने आमची भेग बघितली आणि विचारलं, "ही कुठल्या महिन्यात उघडते?" आमचे हे आणि भाऊजी एकदमच म्हणाले, "एप्रिल." अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

त्याने भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून तारीख लिहिली. आठ महिने येऊन बघत राहिला. मग दोघांना समोर बसवून सांगितलं, "दोघांचंही बरोबर आहे." भाऊजींच्या मोरीचं पाणी तिकडची माती कायम फुगलेली ठेवतं. आमचा कडुनिंब इकडच्या मातीतलं पाणी ओढून ती आकसवतो. एक बाजू वर, एक बाजू खाली, मध्ये भिंत. दोष कुणाचा म्हणाल तर दोन फुटांच्या पायाचा. अशा जमिनीत हंगामी हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाऊ शकते. म्हणून पाया तेवढा खोल नेतात किंवा तळाशी फुगीर बुंधा असलेले खांब जमिनीत घालून त्यांवर घर उभं करतात. आमच्या आजेसासऱ्यांना हे कोण सांगणार होतं?

"मग झाड तोडू?" ह्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. झाड एकदम तोडलं तर इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन उलटीकडून फुगेल, म्हणाला. उपाय साधे सांगितले. मोरीचं पाणी पाइपातून लांब केळीकडे न्यायचं. घराभोवती बाहेर उतार असलेली फरशी घालायची, म्हणजे भिंतीलगतची ओल वर्षभर सारखी राहील. झाडाच्या फांद्या आटोक्यात ठेवायच्या. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला. भेग गेली का? नाही. अजून एप्रिलमध्ये उघडते. पण आता नाणं जात नाही, पोस्टकार्ड जेमतेम जातं. भाऊंचं बोलणंही तसंच आहे. गेलेली वर्षं भरून आली नाहीत, पण सकाळचा चहा एकत्र होतो. अत्ती म्हणतात, "एरी मण्णु यार मातू केळूदिल्ल." काळी माती कुणाचं ऐकत नाही. मग तिच्यावर राहणाऱ्यांनी तरी एकमेकांचं ऐकावं, असं त्यांना म्हणायचं असावं.

याच चहावर दोन्ही घरांनी मिळून लक्कुंडीला जायचं ठरवलं. काशीविश्वेश्वराच्या देवळात आमचा नातू एका खांबाला हात लावून म्हणाला, "गुळगुळीत!" तोच हा बळपद कल्लु, पेन्सिलीच्या दगडाचा थोरला भाऊ. पृथ्वीच्या पोटातले मॅग्नेशियमने भरलेले काळे अग्निज दगड गरम पाण्याच्या आणि दाबाच्या कचाट्यात सापडले की त्यांतली कठीण खनिजं पालटून टाल्क आणि क्लोराइट होतात, दोन्ही मऊ आणि पापुद्र्यांची. म्हणजे जमिनीवरच्या पाण्याने दगडाची माती केली, आणि खोलातल्या पाण्याने त्याच दगडाचं शिल्पकाराला हवं तसं लोणी केलं. त्याआधी चालुक्यांची देवळं वाळूच्या दगडात होती. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा लेख आहे. त्या दगडात भव्य आकृती सुंदर येतात, पण वाळूचा कण असतो, त्याहून बारीक नक्षी कशी यावी? पुढे अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे कारागीर बळपद कल्लुकडे वळले आणि लक्कुंडी, इटगी घडली. इटगीचं महादेवाचं देऊळ १११२चं. पाठोपाठ होयसळांनी बेलूर, हळेबीडला त्याच जातीच्या दगडात दागिन्यांचे मणी मोजता येतील अशी कामं केली. २०२३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली.

तिथे मला आपल्या म्हणीचा उलगडा झाला. काळ्या दगडावरची रेघ खरी टिकली ती सर्वांत मऊ काळ्या दगडावर. कारण तो मऊ असला तरी भरीव आहे, पाणी पीत नाही, म्हणून फुगत नाही आणि फुटत नाही. टिकणं हे कठीणपणावर नसतं. आत काय शिरू देता आणि ते बाहेर कसं जातं, यावर असतं.

आता स्वयंपाकघरासाठी दोन शब्द, कारण हे पान त्यासाठीच आहे. ओटा कडप्प्याचा किंवा फरशी शहाबादी असेल तर ते चुनखडीचे दगड आहेत. थरांचे असल्यामुळे त्यांच्या लाद्या सहज निघतात, पण लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसा, आणि मोरी धुवायचं ॲसिड कधीही घालू नका. चुना ॲसिडमध्ये विरघळतो, पांढुरके डाग पडतात, ते नुसते पुसून जात नाहीत. संगमरवराचंही तेच. इलकलच्या तांबड्या ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही. नवा पाटा-वरवंटा घेतलात तर आधी नुसते तांदूळ वाटून ते फेकून द्या. दोन-तीनदा करूनही कचकच लागली तर तो दगड आतून मातीला आला आहे, दुकानदाराला परत करा.

आणि एक विनंती. आमच्या गवंडीमामांचे धाकटे भाऊ वाळूचा दगड फोडायच्या कामावर होते. वर्षानुवर्षं खोकत होते, क्षयाचं औषध चालू होतं, गुण नव्हता. शेवटी कळलं की तो सिलिकोसिस आहे. वाळूच्या दगडातलं क्वार्ट्झ पाऊस-पाण्याला दाद देत नाही, म्हणूनच तो दगड टिकतो. आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर तिथेही ती कायमची राहते. या रोगाला बरं करणारं औषध नाही, तो टाळताच येतो. तुमच्या घरी फरशी, ग्रॅनाइट कापायला माणूस आला तर यंत्रावर पाणी सोडायला सांगा, तोंडाला चांगला मास्क द्या. आपला ओटा शंभर वर्षं टिकावा म्हणून त्याची छाती जाऊ नये.

नातवाने परवा पाटीवर पहिलं अक्षर काढलं. एका बाजूला मराठी 'अ', दुसऱ्या बाजूला अत्तींनी हात धरून कानडी 'अ'. मग अंगठ्याने दोन्ही पुसून टाकली आणि म्हणाला, "पुन्हा काढू या." पुसता येतं, हाच पाटीचा गुण. आमच्या भिंतीवर इंजिनिअरने लिहिलेली ती तारीख मात्र आम्ही अजून पुसलेली नाही. रंग देताना तेवढी जागा सोडतो.